युद्धकैद्यांचा हिशेब कोण देणार?

पोलादपूर मागे टाकून दक्षिणेकडे निघाले म्हणजे कशेडीचा घाट लागतो आणि घाट उतरताच खेड तालुका, म्हणजे रत्नागिरी जिल्हा, सुरू होतो. घाटाच्या पोटातून आता बोगदा झाल्यामुळे मुंबई-गोवा रस्त्यावरचा प्रवासी ही हद्द काही मिनिटांत ओलांडतो. घाटाच्या अलीकडचे महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके महाराष्ट्राला माहीत आहेत ते रायगड किल्ल्यामुळे आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे. त्यांची तिसरी ओळख सैन्यभरतीची आहे. महाड तालुक्यातील एका गावाचे तर नावच फौजी आंबवडे असे पडले आहे.

या परंपरेला भाषणांतून शौर्याची परंपरा म्हटले जाते आणि ते खोटे नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या शौर्यामागची जमीन आधी दिसते. सावित्रीच्या काठची भातखाचरे थोडी, बाकी डोंगरउताराची वरकस जमीन. तिच्यावर नाचणी-वरी निघेल तेवढी खरी. वर खोताचा वाटा. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. तोवर कुळाच्या घरातला एक मुलगा मुंबईच्या गिरणीत आणि दुसरा पलटणीत, ही कुटुंब तगवण्याची रीत होती. १९१४ साली शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. आजच्या वाचकाला तो हास्यास्पद वाटेल. पण ज्या घरात रोख पैसा केवळ मनिऑर्डरीनेच येत असे, त्या घराला तो राजाचा आधार वाटला यात नवल नाही. महार समाजाला तर तेवढीही वाट मोकळी नव्हती. १८९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने त्यांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज केले, ते व्यर्थ गेले. मग महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. साम्राज्याच्या दृष्टीने सैनिक म्हणजे काय, हे या चार वर्षांच्या आयुष्यावरून समजावे.

हा जुना इतिहास आज काढण्यास निमित्त आहे ते आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातील संघर्षाचे. काराबाखच्या डोंगराळ प्रदेशासाठी झालेल्या युद्धांत धरले गेलेले आणि हरवलेले सैनिक हा तेथील तहाच्या वाटाघाटींतला सर्वांत अवघड विषय होऊन बसला. ही दूरदेशीची बाब आहे, आपला तिच्याशी संबंध काय, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. मराठी युद्धकैदी आणि आर्मेनियन निर्वासित यांना एकाच काळाने एकाच वाळवंटात, एकाच रेल्वेमार्गाच्या कामावर आणून टाकले होते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जे हिंदी सैन्य गेले त्यात सहावी पुणे डिव्हिजन प्रमुख होती. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान यांची त्यांत भरती असे. जनरल टाउनशेंड याने टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने हे सैन्य पुढे रेटले. रसद अपुरी, नदीतील बोटी अपुऱ्या, औषधपाण्याची व्यवस्था जवळजवळ नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे चार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. जखमींना उघड्या पडावांवर एकमेकांवर रचून, त्यांच्याच मलमूत्रात, नदीतून परत आणले गेले. हे वर्णन शत्रूने केलेले नाही. ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे ते आले, आणि १९१७ मध्ये त्या अहवालामुळे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ इंग्लंडला दिली गेली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मेसोपोटेमियात तंबू आणि पट्ट्या पुरवायला मात्र पैसा नव्हता.

माघार घेतलेले सैन्य कुत-अल-अमारा येथे डिसेंबरच्या प्रारंभी अडकले. वेढा १४७ दिवस चालला. शेवटी शेवटी घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांतील बहुतेकांनी धर्माच्या कारणाने ते मांस फार दिवस नाकारले. भाजीपाला नाही म्हणून त्यांच्यात रक्तपिती पसरली. सुटकेसाठी खालून आलेल्या सैन्याचे सुमारे २३ हजार लोक मेले वा जखमी झाले, म्हणजे आत अडकलेल्यांच्या संख्येपेक्षा किती तरी अधिक. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण आला. पाणके, खेचरवाले, सफाईवाले धरून सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली.

येथून पुढे कैद्यांचे दोन वर्ग पडले आणि त्यांना दोन वेगवेगळी नशिबे लाभली. टाउनशेंडला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नोकरचाकर मिळाले, कैदेत असतानाच १९१७ मध्ये त्याला ‘सर’ हा किताबही मिळाला. त्याचा लाडका कुत्रा तेवढा तुर्कांनी सन्मानाने ब्रिटिश छावणीकडे परत पाठवला. साध्या शिपायांना मात्र बगदादपर्यंत पायी, तेथून समारापर्यंत आगगाडीने आणि समाराहून मोसूल, निसिबिन या मार्गाने रास अल-ऐनपर्यंत पुन्हा पायी हाकण्यात आले. वेढ्यात अन्नावाचून खंगलेली ही माणसे उन्हाळ्यात, पाण्याविना, पहारेकऱ्यांच्या काठ्या खात चालली. जो बसला तो बसल्या जागी मेला. ब्रिटिश साध्या सैनिकांपैकी सुमारे सत्तर टक्के कैदेत संपले. हिंदी सैनिक किती मेले याचे आकडे अडीच हजार ते तीन हजार यांच्या दरम्यान घोटाळत राहतात, कारण मृत म्हणून नोंदलेले किती आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही असे किती, याचा मेळ कोणी नीट घातला नाही. पाणक्याची आणि सफाईवाल्याची नोंद तर त्याहून ढिली. ज्यांच्या मृत्यूचे प्रमाणपत्र कोणाला हवे नव्हते, त्यांच्या मृत्यूची तारीख कोण लिहिणार?

रास अल-ऐन हे स्थळ आज सीरिया आणि तुर्कस्तान यांच्या सीमेवर आहे. बर्लिन-बगदाद रेल्वेचे रूळ त्या वेळी तेथपर्यंत आले होते. १९१५ पासून अनातोलियातून हाकलून लावलेले आर्मेनियन याच रुळांच्या कडेने वाळवंटात लोटले जात होते आणि रास अल-ऐन येथे त्यांची मोठी छावणी होती. १९१६ च्या वसंतात ती छावणी कत्तलींनी रिकामी करण्यात आली. पश्चिमेला अमानुस पर्वतात रेल्वेचे बोगदे खणण्याच्या कामावर हजारो आर्मेनियन होते. जर्मन अभियंत्यांना ते हवे होते. पण जूनमध्ये त्यांनाही कामावरून उचलून मृत्यूच्या वाटेला लावण्यात आले. रिकाम्या झालेल्या जागा भरायला कोण आले? कुतचे युद्धकैदी. गोऱ्यांपैकी पुष्कळांना बोगद्यांवर पाठवले गेले, हिंदी कैद्यांपैकी मोठा भाग रास अल-ऐनच्या आसपास रूळ टाकण्याच्या कामावर राहिला. एका जमातीचे मजूर मारून टाकले म्हणून पडलेला मजुरांचा तुटवडा दुसऱ्या देशाच्या कैद्यांनी भरून काढला, असा हा व्यवहार होता. युद्धकैद्यांकडून अतिश्रमाची व युद्धोपयोगी कामे करून घेऊ नयेत, हा १९०७ च्या हेग कराराचा नियम तेव्हा कागदावर होताच.

हे सारे डोळ्यांनी पाहिलेल्या एका हिंदी माणसाने ते लिहून ठेवले. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी हे कुतला पकडले गेले होते. रास अल-ऐन येथील इस्पितळात काम करताना आर्मेनियनांची कहाणी त्यांना कळली; पुढे पन्नासच्या दशकात त्यांचे ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक प्रसिद्ध झाले. ते पुस्तक निघाले याचे कारण उघड आहे. बंगालच्या त्या तुकडीतले तरुण शिकलेले होते. कोकणच्या डोंगरातून गेलेल्या शिपायाला शाळेचे तोंड दिसलेले नव्हते. सुटून आला तो आपले बोलणे ओटीवरच्या चार माणसांना सांगून मेला, सुटला नाही तो तेथेच राहिला. शिक्षणाची विषमता मृत्यूनंतरही माणसाची पाठ सोडत नाही.

राज्यकर्त्यांनी काय लिहून ठेवले ते पाहू. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक १९२९ मध्ये बसरा येथे उभारले गेले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव देऊन ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा कोरलेला आहे. ११७ व्या मराठा पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. तिच्या शिपायांना दगडावर नाव मिळाले नाही. हिंदुस्थानातील ज्या गावांनी माणसे दिली त्यांतल्या अनेक गावांत सरकारने लहान शिळा बसवल्या. त्यांवरही ‘या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढाच मजकूर आढळतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये कबूल केले की ४५ ते ५४ हजार मृतांचे, आणि त्यात हिंदी सैनिक बहुसंख्य, स्मरण असमान रीतीने झाले. कबुलीला शंभर वर्षे लागली.

आता काराबाखकडे वळावे. सोव्हिएत संघराज्य मोडकळीस येत असताना १९८८ मध्ये या प्रदेशाच्या मालकीचा तंटा पेटला. पहिले युद्ध मे १९९४ च्या युद्धविरामाने थांबले तेव्हा सुमारे तीस हजार माणसे मेली होती, दोन्हीकडचे मिळून दहा लाखांच्या आसपास लोक घरादारांतून उठले होते. त्या युद्धात आर्मेनियाची सरशी झाली. आर्मेनियनांच्या पूर्वजांवर जे कोसळले त्याची सहानुभूती मनात ठेवूनही हे सांगितले पाहिजे की खोजाली येथे फेब्रुवारी १९९२ मध्ये शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले, आणि त्या युद्धातील जे सुमारे साडेचार हजार बेपत्ता रेडक्रॉसच्या यादीत आहेत त्यांत बहुसंख्य अझरबैजानी आहेत. त्यांच्याही आया आहेत. पीडितांचा वारसा सांगणाऱ्या राष्ट्राच्या हाती शस्त्र आले की ते राष्ट्र आपोआप न्यायी होते, हा भ्रम समाजवाद्यांनी तरी बाळगू नये.

सप्टेंबर २०२० मध्ये पारडे फिरले. तुर्की आणि इस्रायली ड्रोनांच्या बळावर अझरबैजानने ४४ दिवसांत युद्ध जिंकले. दोन्ही बाजूंचे मिळून साडेसहा हजारांहून अधिक सैनिक मेले. त्यांत अठरा-वीस वर्षांची सक्तीच्या भरतीतली पोरे किती तरी. युद्ध थांबवणाऱ्या निवेदनाच्या आठव्या कलमात कैद्यांची आणि मृतदेहांची अदलाबदल करावी असे स्पष्ट लिहिले होते. पण महिन्याभरातच, डिसेंबरमध्ये, डोंगरातील एका वेढलेल्या टापूत साठाच्या वर आर्मेनियन सैनिक पकडले गेले आणि बाकूच्या सरकारने युक्तिवाद काढला की हे युद्धविरामानंतर सापडले, म्हणून हे युद्धकैदी नव्हेत, घातपाती गुन्हेगार आहेत. त्यांच्यावर खटले भरले गेले.

पुढे जे झाले ते बाजारातल्या सौद्यासारखे आहे. जून २०२१ मध्ये पंधरा कैदी सुटले. त्या बदल्यात आर्मेनियाने अघदम भागात पेरलेल्या ९७ हजार सुरुंगांचे नकाशे दिले. जुलैमध्ये आणखी पंधरा सुटले, आणखी नकाशे दिले गेले. वास्तविक माणूस सोडणे आणि सुरुंगाची जागा सांगणे ही दोन्ही ज्याची त्याची स्वतंत्र कर्तव्ये होती. युद्ध संपल्यावरही शेतकऱ्याचा पाय ज्यावर पडेल अशा सुरुंगाचा नकाशा दाबून ठेवणे आणि लढाई संपल्यावरही शत्रूचा सैनिक कोठडीत ठेवणे, हे गुन्हे एकाच तराजूत घालून दोन्ही सरकारांनी व्यापार केला. २०२३ च्या सप्टेंबरात अझरबैजानने एका दिवसाच्या चढाईत उरलेला काराबाखही घेतला. नऊ महिने रस्ता अडवून उपासमार केलेले एक लाखाहून अधिक आर्मेनियन आठवड्याभरात निघून गेले. त्याच डिसेंबरात बत्तीस आर्मेनियन आणि दोन अझरबैजानी कैद्यांची अदलाबदल झाली. त्याच संयुक्त निवेदनात आर्मेनियाने जागतिक हवामान परिषद बाकूला भरण्यावरचा आपला विरोध मागे घेतला. म्हणजे कैद्यांच्या तराजूत आता सुरुंगांच्या जागी परिषदेचे यजमानपद आले! काराबाखच्या पाडाव झालेल्या पुढाऱ्यांवरील लष्करी न्यायालयातला खटला जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, आणि ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला तहाच्या मसुद्यावर आद्याक्षरे झाली तेव्हा मसुद्यात बेपत्तांसाठी एक कलम होते. कैद्यांना सोडण्याचे कलम नव्हते.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम एका वाक्याचे आहे म्हटले तरी चालेल: प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून परत पाठवावे. त्यात ‘मोबदला मिळाल्यास’ असे शब्द नाहीत, ‘तह झाल्यावर’ असेही नाहीत. आर्मेनिया आणि अझरबैजान दोन्ही देश या कराराला बांधलेले आहेत. भारतही बांधलेला आहे, आणि म्हणून दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी भारताचा व्यवहारही तपासला पाहिजे. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याला ९३ हजार पाकिस्तानी भारताच्या ताब्यात आले. त्यांना चांगले वागवले गेले हे जगाने मान्य केले. पण शेवटचे कैदी परत गेले ते एप्रिल १९७४ मध्ये. शरणागती संयुक्त सेनापतिमंडळाकडे होती, सबब बांगलादेशाच्या संमतीवाचून कैदी सोडता येत नाहीत, हे भारताचे म्हणणे राजकारण म्हणून समजण्यासारखे होते. कराराच्या शब्दांत ते बसत नव्हते. दुसरी बाजू अधिक दुःखद. त्याच युद्धातील ५४ भारतीय सैनिक बेपत्ता म्हणून गणले जातात. ते पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याच्या खुणा त्यांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. पाकिस्तानने नेहमीच नकार दिला. वैमानिक विजय तांबे यांचे नाव त्या यादीत आहे. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे, यांनी या प्रश्नासाठी आपले आयुष्य वेचले. २००७ मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानी तुरुंग पाहू दिले गेले, तोवर छत्तीस वर्षे उलटली होती. ९३ हजार माणसे हाती असताना चोपन्नांचा हिशेब चुकता करून घ्यायचे राहून गेले, हा ठपका एका पक्षाच्या सरकारवर ठेवून भागत नाही; त्या वेळी विजयाच्या जल्लोषात विरोधी बाकांवरूनही हा प्रश्न नेटाने विचारला गेला नाही.

महाराष्ट्राचा आणखी एक संबंध या संघर्षाशी जडला आहे आणि तो ताजा आहे. पुण्याच्या पाषाण भागातील संरक्षण संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘पिनाक’ ही अग्निबाण यंत्रणा आर्मेनियाने २०२२ मधील कराराने भारताकडून विकत घेतली. निर्यातीचे आकडे मोठ्या अभिमानाने छापून आले. आक्रमणाला तोंड देणाऱ्या लहान देशाने शस्त्रे घेऊ नयेत, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि रोजगाराच्या दृष्टीने पुणे-नागपूरच्या कामगारांना त्याचा लाभ आहे, हेही नाकारता येणार नाही. पण शस्त्र विकणाऱ्या देशाला विकत घेणाऱ्याच्या आणि त्याच्या शत्रूच्याही कैद्यांविषयी बोलण्याचा हक्क प्राप्त होतो. नव्हे, ते त्याच्यावर बंधन येते. करारावर सही करताना भारताने जिनिव्हा कराराच्या पालनाचे आश्वासन मागावे, बाकूच्या तुरुंगांत रेडक्रॉसला निर्वेध प्रवेश मिळावा म्हणून आपले वजन खर्च करावे, आणि १९९० च्या दशकातील अझरबैजानी बेपत्तांच्या दफनभूमी दाखवण्यास आर्मेनियालाही भाग पाडावे. तेल आणि व्यापारमार्ग यांच्या गणितात अडकलेल्या सरकारला हे आपणहून सुचेल अशी आशा धरणे भोळेपणाचे होईल. संसदेत प्रश्न विचारावे लागतील.

पक्षाच्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांसाठी त्याहून जवळचे एक काम आहे. बसराच्या दगडावर नसलेली नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत आणि त्या आता कोणालाही पाहता येतात. पुष्कळ नोंदींत शिपायाच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून ही नावे काढून घ्यावीत, शिळा असेल तेथे तिच्या शेजारी ती कोरावीत, नसेल तेथे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावीत. शिपायांबरोबर गेलेल्या पाणक्या-खेचरवाल्यांचीही नावे वगळू नयेत, आणि मराठा पलटणी व १११ वी महार पलटण यांची यादी एकाच फलकावर असावी. गावकी वेगळी म्हणून फलक वेगळा, असे या वेळी होऊ देता कामा नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य मागावे, न मिळाल्यास शाळेतल्या शिक्षकांना बरोबर घेऊन काम सुरू करावे. शोधणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की या नोंदी रायगड या नावाखाली सापडणार नाहीत. जिल्ह्याचे ते नाव १९८१ पासूनचे. जुन्या वह्यांत ‘कुलाबा’ असेच लिहिलेले आहे आणि गावांची नावे इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली आहेत. तेव्हा आंबवडे, पोलादपूर, महाड यांची स्पेलिंगे चार-पाच प्रकारांनी लावून पाहावी लागतील.